शेवटची गाडी आणि बाजारपेठेचा घेर

सायंकाळचे साडेसहा-सात वाजले की आमच्या पेठेतील बहुतेक दुकानांत एक प्रसंग ठरल्याप्रमाणे घडतो. गादीसमोर बसलेले खेडेगावचे गिऱ्हाईक पसंत पडत आलेले लुगडे बाजूला ठेवते आणि भिंतीवरील घड्याळाकडे पाहते. ‘अण्णा, आटपा आता, शेवटची गाडी चुकल,’ असे म्हणून ते उठू लागते. दुकानदारही जाणता असेल तर अडवून धरीत नाही. तो भाव झटपट ठरवितो, पुडके बांधून देतो आणि नोकरास पिशवी उचलून बसस्थानकापर्यंत जावयास सांगतो. ही शेवटची गाडी आमच्या दुकानाची नाही, तिच्यावर आमची सत्ता नाही. तथापि आमचे दुकान किती वेळ चालावयाचे आणि किती लांबच्या गावाशी आमचा व्यवहार राहावयाचा, हे पुष्कळ अंशी तीच ठरविते.

आम्ही व्यापारी लोक वाहतूक म्हटली की मालाचा विचार करतो. हुंडेकरी, ट्रक, भाडे, हमाली, मालाची तूट-फूट हे विषय आमच्या तोंडी नित्य असतात. परंतु माल दुकानात येऊन पडला म्हणजे व्यापार झाला असे नव्हे. गिऱ्हाईक दुकानात आले म्हणजे व्यापाराचा आरंभ होतो. त्या गिऱ्हाइकाची वाहतूक कोण करतो, ती कशी चालते आणि ती थांबली तर काय होते, याचा विचार आमच्या बैठकांतून फारसा होत नाही. तो थोडक्यात करावा, एवढाच या लेखाचा हेतू आहे. उदाहरणे मुख्यतः आमच्या सीमाभागातील, म्हणजे कोल्हापूर, निपाणी, बेळगाव या पट्ट्यातील घेतली आहेत. कारण तो आम्ही रोज पाहतो.

पूर्वीचा घेर

मोटारी येण्यापूर्वी बाजाराचा घेर माणसाच्या पायांवर व बैलांच्या चालीवर अवलंबून असे. पहाटे निघून बाजार करावा आणि दिवेलागणीपर्यंत घरी परतावे, एवढ्या अंतरावरचाच मनुष्य बाजारास येऊ शके. आठवड्याच्या बाजाराचे गाव एकमेकांपासून फार दूर नसण्याचे आणि शेजारच्या गावांचे वार निरनिराळे असण्याचे मर्म यातच आहे. व्यापारी आज या गावी तर उद्या त्या गावी पाल मारीत फिरे. गिऱ्हाइकास दूर जाता येत नसे म्हणून दुकानासच गिऱ्हाइकाकडे जावे लागे.

१६ एप्रिल १८५३ रोजी मुंबई ते ठाणे आगगाडी सुरू झाली, आणि १८९० पर्यंत सदर्न मराठा रेल्वेने पुणे, मिरज, बेळगाव, लोंढा अशी साखळी जोडली. १८९१ साली कोल्हापूर मिरजेस जोडले गेले. आगगाडीने मोठ्या पेठांना बळ दिले. मात्र ती रुळांपलीकडे जात नाही. निपाणीचेच पाहा. तंबाखूच्या व्यापाराने हे गाव दूरवर प्रसिद्ध झाले, परंतु तेथे आगगाडीचे स्थानक कधीच झाले नाही. निपाणीचा सारा संसार पुणे-बंगळूर हमरस्त्यावर उभा आहे. कोल्हापूर तेथून सुमारे चाळीस किलोमीटर आणि बेळगाव सुमारे पंच्याहत्तर. अशा गावास मोटार ही सोय नसून नाडी आहे.

आरंभीच्या मोटारी खाजगी मालकांच्या असत. त्यांस ‘सर्व्हिस मोटार’ म्हणत. दुसऱ्या महायुद्धात पेट्रोल दुर्मिळ झाले तेव्हा अनेक गाड्या कोळशाच्या गॅसवर चालविल्या गेल्या. या मालकांनी खेड्यांस प्रथम रस्ता दाखविला, हे त्यांचे श्रेय नाकारता येत नाही. परंतु त्या गाडीचा नियम एकच होता: ती भरल्यावर सुटे. उतारू जमले नाहीत तर दोन तास वाट पाहावी लागे, आणि कमी उतारूंच्या वाटेला गाडी फिरकतही नसे. बाजारास गेलेला मनुष्य सायंकाळी घरी पोहोचेल की नाही हे त्याच्या घरच्यांस ठाऊक नसे.

वेळापत्रकाचे सामर्थ्य

१ जून १९४८ रोजी पुणे व अहमदनगर यांच्या दरम्यान मुंबई राज्याची पहिली सरकारी प्रवासी गाडी धावली. तीस आसनांची, लाकडी बांध्याची ती गाडी. पुढे १९५० चा कायदा झाला आणि राज्यांची परिवहन महामंडळे त्याखाली चालू लागली. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली तेव्हा बेळगाव जिल्हा मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला. १९६१ साली, जुलैच्या पहिल्या तारखेस महाराष्ट्राचे आणि ऑगस्टच्या पहिल्या तारखेस म्हैसूरचे महामंडळ स्थापन झाले. १९८० साली गोव्याचे कदंब महामंडळ निघाले आणि १९९७ साली उत्तर कर्नाटकाच्या आमच्या बाजूकरिता हुबळीस मुख्य कचेरी असलेले वेगळे महामंडळ झाले. यामुळे बेळगावच्या बसस्थानकात तिन्ही राज्यांच्या गाड्या दिसतात.

या साऱ्या बदलात व्यापाऱ्याच्या दृष्टीने सर्वांत मोठी गोष्ट कोणती? आमच्या मते ती म्हणजे वेळापत्रक. सरकारी गाडी भरली नाही तरी सुटते. वरवर पाहता हा उधळेपणा वाटतो. परंतु खरा चमत्कार येथेच आहे. सहा वाजता गाडी आहे हे ज्यास खात्रीने ठाऊक असते, तो दोन वाजता निःशंकपणे घरून निघतो. परत जाण्याची खात्री हीच येण्याची प्रेरणा असते. आजही रस्त्यावर वडाप आहे. ते उपयोगी पडते, पुष्कळदा बसपेक्षा लवकर मिळते. परंतु वडापाचा नियम जुन्या सर्व्हिस मोटारीचाच आहे, आणि अंधार पडल्यावर उतारू कमी झाले की ते रस्त्यावरून नाहीसे होते. ज्या वेळी माणसास गाडीची अधिक गरज, त्याच वेळी ते नसते.

वेळापत्रकाचा दुसरा गुण वस्तीच्या गाडीत दिसतो. ही गाडी रात्री शेवटच्या फेरीस खेड्यात जाते, तेथेच मुक्काम करते आणि पहाटे तालुक्याच्या गावी परत येते. चालक आणि वाहक गावातच झोपतात. यामुळे रात्री रिकामी गाडी परत आणण्याचा व पहाटे पुन्हा रिकामी नेण्याचा खर्च वाचतो, आणि गावास दिवसाचा आरंभ मिळतो. त्या पहाटेच्या गाडीत भाजीच्या पाट्या असतात, शाळा-महाविद्यालयांत जाणारी मुले-मुली असतात, दवाखान्यास निघालेले म्हातारे असतात, आणि आमच्या दुकानांतील नोकरही असतात. आठ वाजता दुकानाची फळी उघडली जाते ती पुष्कळदा साडेपाचच्या वस्तीच्या गाडीच्या जिवावर, हे आम्ही विसरतो.

गाडीचा जमाखर्च

आता कोणी म्हणेल की, हे सर्व खरे असले तरी तोट्यात गाडी किती दिवस चालवावी? प्रश्न योग्य आहे, आणि व्यापाऱ्याने तो विचारावाच. म्हणून आम्ही आमच्याच पद्धतीने हिशेब मांडून पाहू. पुढील आकडे केवळ समजुतीकरिता घेतले आहेत.

समजा, पेठेपासून तीस किलोमीटरवरील गावास रात्री आठ वाजता शेवटची गाडी जाते. आसने पंचेचाळीस, उतारू अवघे बारा. एवढ्या अंतरास सहा-सात लिटर डिझेल लागते. बारा तिकिटांचे उत्पन्न त्या डिझेलासच जेमतेम पुरेल. चालक-वाहकांचा पगार, टायर, दुरुस्ती, कर हे सारे तोट्यात. आगाराच्या खतावणीत ही फेरी वर्षानुवर्षे नावे पडत जाणार, आणि एक दिवस कोणी तरी अधिकारी तिच्यावर लाल रेघ मारणार. त्याच्या वहीप्रमाणे त्याचे काही चुकले असे म्हणता येत नाही.

परंतु त्याच्या वहीत एक रक्कम दिसत नाही. दुपारी एक व तीन वाजता त्याच गावाकडून आलेल्या गाड्यांतून समजा चाळीस माणसे खरेदीकरिता उतरली. त्यांतील बरीचशी सहाच्या गाडीने परत गेली. आठची गाडी त्यांनी वापरली नाही. परंतु सहाची चुकली तर आठची आहे, या भरवशावरच ती आली होती. उद्या आठची बंद झाली की सहाची शेवटची होते. मग तीन वाजता येणारा विचार करतो की दीड-दोन तासांत खरेदी उरकेल काय, उशीर झाल्यास मुक्काम कोठे करावा? तो येत नाही. तीनची गाडी ओस पडते, पुढे तीही बंद होते, आणि सहाच्या गाडीलाही उतारू उरत नाहीत. एका फेरीस मारलेली रेघ अशा रीतीने सबंध मार्गास पुसून टाकते. इकडे प्रत्येक माणसाची पाचशे रुपयांची खरेदी धरली तर चाळीस माणसांची वीस हजारांची विक्री पेठेतून गेली. शेकडा आठ रुपये नफा धरला तरी तो सोळाशे रुपये होतो. गाडीचा तोटा गाडीच्या वहीत दिसतो. तिचा नफा मात्र आमच्या वह्यांत विखुरलेला असतो, आणि त्यावर गाडीचे नाव कोठेच नसते.

ही गोष्ट किराणा दुकानदारास समजावून सांगण्याची आवश्यकता नाही. सहा महिन्यांत एखादे वेळी खपणारा जिन्नसही तो बरणीत भरून ठेवतो. त्या जिनसावर त्याचा नफा होत नाही. परंतु ‘या दुकानी सर्व मिळते’ ही ख्याती त्यामुळे राहते आणि गिऱ्हाईक बाकीची यादी घेऊन तेथेच येते. शेवटची गाडी ही बाजारपेठेच्या कपाटातील अशीच बरणी होय.

हद्द आणि तिकीट

सीमाभागात या हिशेबास आणखी एक पदर आहे. महाराष्ट्रात १७ मार्च २०२३ पासून स्त्रियांस एस. टी.च्या तिकिटात निम्मी सवलत मिळाली, आणि कर्नाटकात त्याच वर्षी ११ जूनपासून तेथील रहिवासी स्त्रियांस साध्या गाड्यांतून विनामूल्य प्रवास खुला झाला. या सवलतींनी एक मोठा फरक पडला तो असा की, घरच्या पुरुषाकडे भाड्याचे पैसे मागितल्यावाचून स्त्री बाजारास, दवाखान्यास, माहेरी जाऊ लागली. आमच्या दुकानांतून स्त्रिया दोघी-तिघी मिळून येतात, स्वतः माल पारखतात, स्वतः भाव करतात, हे आम्ही समक्ष पाहत आहो. गाड्यांत गर्दी वाढली, उभे राहावे लागते, ही तक्रारही खरी आहे. परंतु गर्दी ही गाड्या वाढवाव्यात याची खूण आहे.

मात्र दोन्ही सवलती आपापल्या राज्याच्या हद्दीपुरत्या आहेत. कागल हे गाव कोल्हापुरापासून जेवढे, जवळजवळ तेवढेच निपाणीपासून. कागलची गृहिणी कोल्हापुरास निम्म्या तिकिटात जाते; निपाणीकडे वळल्यास कोगनोळीच्या अलीकडे हद्द आणि त्या हद्दीवर सवलत संपते. निपाणीच्या बाजूची स्त्री चिकोडीस किंवा बेळगावास फुकट जाईल, कोल्हापुरास जाताना तिला हिशेब करावा लागेल. एकच भाषा, एकाच घरचे सोयरसंबंध, एकच हमरस्ता. परंतु तिकिटाच्या दराने बाजाराचा घेर एका बाजूस आखडला आणि दुसऱ्या बाजूस वाढला. यात कोणास दोष देण्याचा हेतू नाही. वाहतुकीचा दर हा बाजाराचाच एक दर आहे, एवढे ध्यानात यावे.

गाडी थांबते तेव्हा

गाडीचे मोल ती थांबल्यावर कळते. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी झाली तेव्हा सर्वच थांबले, म्हणून त्यातून काही निष्कर्ष काढता येत नाही. परंतु २०२१ च्या दिवाळीपासून २०२२ च्या एप्रिलपर्यंत महाराष्ट्रात एस. टी. कर्मचाऱ्यांचा संप चालला, त्या वेळी दुकाने उघडी होती, माल भरपूर होता, रस्ते मोकळे होते, फक्त एस. टी. नव्हती. ज्यांची स्वतःची वाहने होती ते आले. ज्यांची नव्हती ते, म्हणजे वृद्ध, विद्यार्थी, मजूर आणि खेड्यांतील स्त्रिया, घरी बसले. कर्मचाऱ्यांच्या मागण्यांचा न्याय-अन्याय हा येथे विषय नाही. परंतु माल, दुकान आणि रस्ता या तिन्ही गोष्टी असूनही बाजार अपुरा राहतो, हे त्या महिन्यांनी दाखवून दिले.

आमच्या भागात याहून लहान परंतु जिव्हारी लागणारे प्रसंग वारंवार येतात. सीमेच्या वादाने वातावरण तापले की दोन्ही बाजूंच्या गाड्या हद्दीच्या अलीकडे थांबतात. डिसेंबर २०२२ मध्ये असे झाले आणि फेब्रुवारी २०२५ मध्येही झाले. अशाच एका वेळची गोष्ट आमच्या स्मरणात आहे. हद्दीपलीकडील एका गावचे कुटुंब लग्नाचा बस्ता बांधण्यास येणार होते. तीन पिढ्यांचे गिऱ्हाईक. वधूची आजी, मावश्या, भाऊबंद मिळून चौदा-पंधरा माणसे यावयाची, म्हणून सकाळीच गाद्या झाडून, शालू काढून ठेवले होते. दुपारी निरोप आला की गाड्या बंद आहेत, खाजगी जीपचे भाडे परवडत नाही, आणि म्हाताऱ्या माणसांना घेऊन हद्द पायी ओलांडण्याचे धाडस होत नाही. बस्ता त्यांनी त्यांच्या बाजूच्या गावी बांधला. विक्री गेली याचे दुःख दोन दिवसांत ओसरले. परंतु त्या आजीबाई आमच्या वडिलांच्या वेळेपासून दुकानी येत; मुलीच्या लग्नाचा आणि नातीच्या बारशाचाही कपडा त्यांनी आमच्याकडूनच नेला होता. तो धागा तुटला तो पुन्हा जोडला गेला नाही. गाडी चार दिवसांनी सुरू झाली. सवय मात्र मोडली ती मोडलीच.

इतरत्रही हेच

आमचे जे बांधव दूरच्या शहरांतून स्थायिक झाले आहेत, त्यांसही हा अनुभव नवा नसेल. बडोदे संस्थानात १८६२ साली डभोई ते मियागाम हा अरुंद रुळांचा मार्ग घातला गेला आणि आरंभी त्यावरील डबे बैल ओढीत; कापसाच्या पेठेस मुख्य मार्गाशी जोडणे हा त्याचा उद्देश होता. हैदराबादेत निजाम सरकारच्या रेल्वे खात्याने १९३२ साली बसगाड्या सुरू केल्या. ग्वाल्हेरहून श्योपूरकडे जाणारी जवळजवळ दोनशे किलोमीटरची चिमुकली आगगाडी अनेक पिढ्या खेड्यांतील माणसे पेठेत आणून सोडीत असे. २०२० साली ती थांबली आणि रुंद मार्गाचे काम पुढे आले. संस्थान कोणाचेही असो, राज्यकर्त्यांनी जेथे गाडी नेली तेथे पेठ वाढली.

आमचे कर्तव्य

अलीकडे असे बोलले जाते की घरोघर दुचाकी आल्या, भ्रमणध्वनीवर माल मागविता येतो, मग बसची मातबरी ती काय? आम्हांस यातच धोका दिसतो. दुचाकी तरुणाची आहे. घरातील वृद्ध, विद्यार्थिनी आणि आजारी माणूस तिच्यावर सर्वकाळ विसंबू शकत नाहीत. आणि भ्रमणध्वनीवरून मागविलेला माल दूरच्या वखारीतून थेट खेड्यात पोहोचतो. गाडी नसल्याने जो पेठेत येत नाही, तो त्या वखारीचे गिऱ्हाईक होतो.

दुसरी गोष्ट आमच्या स्वतःच्या वागणुकीची. बहुतेक सभासदांच्या घरी मोटारी आहेत, आणि त्या दिवसभर दुकानापुढे उभ्या असतात. एका बसमधून येणारी पन्नास माणसे जर मोटारीत दोघे-दोघे बसून आली तर पंचवीस मोटारी होतील. आमच्या अरुंद पेठेत त्या उभ्या कोठे करावयाच्या? आमच्या मुलांपैकी कित्येकांनी बसचे तिकीट हाती धरलेले नाही. ज्या गाडीत आम्ही बसत नाही तिची अवस्था आम्हांस कळत नाही, आणि कळत नाही म्हणून तिच्याविषयी आम्ही बोलत नाही.

करण्यासारख्या गोष्टी साध्या आहेत. आपल्या दुकानात दर्शनी जागी गाड्यांचे वेळापत्रक लावावे आणि ते बदलले की त्याच दिवशी दुरुस्त करावे. गिऱ्हाइकास कोणत्या गावचे, कोणत्या गाडीने आलात, हे सहज विचारून महिनाभर टिपण ठेवावे. एखादी फेरी बंद होण्याची वार्ता येताच नुसती तक्रार न करता ते टिपण घेऊन संघाच्या वतीने आगारप्रमुखाकडे जावे. आकड्यांची भाषा त्यांसही कळते आणि आम्हांसही येते. गाडी वाढविणे आमच्या हाती नसेल, परंतु थांब्यावर पत्र्याची सावली, बाक, दिवा आणि पिण्याचे पाणी या सोयी आमच्या ऐपतीबाहेरच्या नाहीत.

आमच्या पूर्वजांनी वाटेवर पाणपोया घातल्या, धर्मशाळा बांधल्या. त्यात दया होती हे खरेच. परंतु वाटसरू सुखरूप आला-गेला तरच पेठ जगते, हे व्यवहारज्ञानही त्यात होते. आजचा वाटसरू बसथांब्यावर उभा आहे. सूर्यास्तापूर्वी जेवणाकरिता घरी जाणारे आमचे अनेक सभासद त्याच थांब्यावरून रोज जातात. तेथे पिशव्या घेऊन उभी असलेली माणसे आपल्याच दुकानातून निघालेली आहेत, एवढे त्यांनी पाहावे. आणि गाडी वेळेवर आली की नाही, याची चौकशी दुसऱ्या दिवशी गिऱ्हाइकाकडे आवर्जून करावी.